कस्टममध्ये थांबलेले सहा डबे

आमच्या घरात एक चार वर्षांची व्यक्ती बारमाही उपासावर होती. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तीही दाण्याच्या कुटाशिवाय. दुपारी वाटीनं मोजलेला एवढासा भात आणि दोडक्याची नाहीतर कोहळ्याची भाजी. संध्याकाळी पपई. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या पोरीची रोजच एकादशी असते वाटतं. मी हसून वेळ मारून न्यायची. अमरावतीत आमच्या गल्लीला तेवढंच माहीत होतं, आणि तेवढंच माहीत असावं अशी घरातल्या मोठ्यांची इच्छा होती.

खरी गोष्ट अशी की माझ्या लेकीला प्रथिनं चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे पोट दुखतं असं नव्हे. प्रथिनांतला एक घटक तिच्या शरीराला मोडता येत नाही, तो रक्तात साचत जातो आणि मेंदूचं नुकसान करतो. झालेलं नुकसान परत भरून येत नाही. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. डाळी, दूध, अंडी यांनी शरीराची बांधणी होते, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले, आणि घरी येऊन त्याच डाळींचे डबे लेकीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवत आले.

ती जन्मली तेव्हा घरात आनंदीआनंद झाला होता, कारण ती गोरी होती. आमच्या दोन्ही घराण्यांत गोरं कुणी नाही. हिचे केससुद्धा पिंगट. बायकांनी दृष्ट काढून काढून मीठ-मोहरी संपवली. मी दिवसांत नारळपाणी प्यायले म्हणून अशी नात झाली, असं माझी आई सगळ्यांना सांगत फिरली. पाचवा महिना सरत आला तरी पोरगी मान धरेना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी तिचं रक्त मुंबईला पाठवलं आणि अहवाल आल्यावर सांगितलं की तो गोरेपणा आणि ते पिंगट केस हेच आजाराचं लक्षण होतं. त्या कौतुकाची मला अजून चीड येते. पाच महिने आम्ही आजाराला तीट लावत होतो.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. उपाय एकच होता. साधं अन्न तोलूनमापून, आणि बाकीच्या वाढीसाठी एक खास पावडर, जिच्यात नको तो घटक काढून टाकलेला असतो. नुसतं कमी खाऊ घालून भागत नाही, कारण पावडर नसली की भुकेलं शरीर स्वतःचंच मांस वापरायला लागतं आणि तोच घटक पुन्हा रक्तात येतो. ही पावडर अमरावतीत मिळत नव्हती, नागपुरातही नाही. परदेशातली एक कंपनी इंटरनेटवरून मागणी घेऊन पोस्टानं पाठवायची. नवरा नेट कॅफेत जाऊन मागवायचा. एका पार्सलमध्ये सहा डबे, एक डबा साधारण नऊ दिवस. पावडरीला उकडून शिळ्या झालेल्या बटाट्याचा वास होता. लेक नाक न मुरडता प्यायची आणि वर तिला ‘माझं दूध’ म्हणायची.

मागवताना नाव आणि पत्ता असायचा आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे शेत आबांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, गॅसचं पुस्तक, लाइटचं बिल, टेलिफोन, सगळं त्यांच्याच नावावर. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पगाराच्या बँकेच्या पत्रावरही ‘द्वारा’ म्हणून तेच होते. पोस्टमनला घरातलं एकच नाव पाठ होतं. जिवंत वडील घरात असताना मुलानं स्वतःच्या नावावर पार्सल मागवणं म्हणजे वेगळं बिऱ्हाड करायची तयारी, असं आमच्या भागात आजही समजतात. साडेतीन वर्षं पार्सलं अशी बिनबोभाट आली.

मग एक थांबलं. कंपनीच्या पानावर पार्सल कुठवर आलं ते दिसायचं. नवरा रोज ऑफिसातून येताना कॅफेत डोकवायचा आणि घरी येऊन एकच वाक्य सांगायचा, कस्टमला आहे. पहिले चार दिवस मी ‘बरं’ म्हटलं. दहाव्या दिवशी मी भांडी जरा जोरात ठेवायला लागले. नवऱ्यानं डॉक्टरांच्या पत्राची प्रत ईमेलनं पाठवली. उत्तर आलं नाही. आमच्याकडे एक बंद डबा आणि एक अर्धा होता.

शेवटी मी शाळेतून मुंबईला फोन लावला. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार लोटून. तीन ठिकाणी फिरून फोन एका साहेबांपाशी गेला. माणूस सभ्य होता. त्यांनी फाईल काढली, पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

“मॅडम, आमच्याकडे यात दोन कागद आहेत,” ते म्हणाले. “एक डॉक्टरांचं पत्र, चार वर्षांच्या मुलीसाठी. आणि दुसरं, आम्ही ज्यांच्या नावानं पार्सल आहे त्यांना विचारणा पाठवली होती, तिचं उत्तर. त्यात त्यांनी लिहिलंय की ही पावडर मी स्वतः घेतो, अशक्तपणासाठी. खाली सही आहे. आता तुम्हीच सांगा, एकाच डब्याचे दोन खाणारे कसे?”

विचारणेचं पत्र घरी आल्याचं मला माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नव्हतं. ते आबांच्या नावानं आलं, आबांनी घेतलं, आबांनीच उत्तर लिहिलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवून दिलं. साहेबांनी नियम समजावून सांगितला. औषध म्हणून माल आणायचा तर परवाना लागतो, खाद्य म्हणून आणायचा तर तपासणी लागते. पण रोग्यानं स्वतःच्या वापरापुरतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मागवलं तर वाट बरीच सोपी असते. आमची वाट आम्हीच बंद केली होती. धडधाकट म्हाताऱ्या माणसाची ताकदीची पावडर, तीही सहा डबे, ती कशी सोडणार. आणि आता चिठ्ठी खरी की पत्र खरं, हेही ठरत नव्हतं. नवीन मागवली तरी त्याच पत्त्यावरची म्हणून तीही थांबेल, असं ते म्हणाले.

“ज्यांनी पहिलं पत्र लिहिलंय त्यांनीच शपथपत्र करून द्यायचं. की ते पत्र चुकीचं होतं, पावडर नातीसाठी आहे, तिला अमुक आजार आहे. मुदत संपली की पार्सल परत जातं, मॅडम. ते माझ्या हातात नाही.”

मुदतीतले सतरा-अठरा दिवस उरले होते. पाचवा तास मी घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

आबांविषयी सांगायला हवं. ते कापसाचे ग्रेडर होते. सरकारी खरेदी जोरात होती त्या काळात बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या आणि आबा गाडीत कोपरापर्यंत हात घालून, मूठभर कापूस काढून, बोटांनी ताणून प्रत सांगायचे. ते म्हणतील ती प्रत कागदावर चढायची आणि मग ती कुणाला बदलता यायची नाही. कागदावर एकदा चढलेलं काय करतं हे त्यांनी तीस वर्षं पाहिलेलं होतं. रागीट नव्हते, पण आपला निर्णय हा निर्णयच, असं वागायचे. मी त्यांच्याशी कधी वर तोंड करून बोलले नव्हते. त्या दिवशी पर्स खांद्यावर तशीच ठेवून बोलले.

“आबा, कस्टमच्या पत्राले तुमी उत्तर देलं का?”

“देलं ना. चांगलं इंग्रजीत देलं.”

“पावडर तुमी खाता म्हणून लिवलं?”

ओसरीवर लेक बाहुलीला ‘माझं दूध’ पाजत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

“मंग काय लिवू? पोरीचं नाव, वय, बिमारी, सारं सरकारी कागदावर लिवून देऊ? पोरीची जात हाय. उद्या लग्नाच्या टायमाले कोणी तो कागद काढला तर?”

“तो कागद कोण काढते आबा? मुंबईच्या कपाटातला?”

“तुले नाई माईत. कागद कुठून बी निंघते.” मग ते म्हणाले, “घर माया नावावर हाय, वावर माया नावावर हाय. ही बिमारी बी राहू दे माया नावावर. मले काय आता कोणाले पोरगी द्याची हाय?”

हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की माझा अर्धा राग तिथल्या तिथे गळाला. राहिलेला अर्धा मात्र वाढला. मी म्हटलं, तुमच्या या प्रेमापायी तिचा डबा संपून राहिला. दुसरं पत्र लिवा, शपथेवर. ते नाही म्हणाले. आपण एकदा लिहिलेलं खोटं होतं, असं शिक्क्यासह लिहून देणार नाही, म्हणाले. आणि पोरगी चांगली हसूनखेळून राहिली, पंधरा दिवस ताकदीची पावडर नाही भेटली तर काय होते.

माझा नवरा हा प्रसंग खुंटीवर शर्ट अडकवण्यात घालवत होता. एक शर्ट अडकवायला माणसाला इतका वेळ लागलेला मी पाहिलेला नाही. नंतर स्वयंपाकघरात येऊन तो हळूच म्हणाला, “आबाची सई मी करू का? मले जमते.” क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं. पण आधीच दोन कागद एकमेकांशी भांडत होते, त्यात तिसरा खोटा घालायचा माझा धीर झाला नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. पोरगी रोजच्यासारखी होती आणि मी तिच्यात रोज काहीतरी शोधत होते. चिडली तर वाटायचं, चढलं का रक्तात. उशिरा उठली तर वाटायचं, झालं सुरू. तिला सारखं विचारायची, हा रंग कोणता, काल आपण कुठे गेलो होतो. ती बिचारी कंटाळून म्हणाली, “आई, तू मायी सारखी परीक्षा काहून घेते?” तिचं हे वाक्य सबंध आणि बरोबर आहे याचाच मला आनंद झाला, इतकी माझी अवस्था खालावली होती. चमचा मी सपाट भरायला लागले, मग सपाटापेक्षा किंचित खाली. आबांशी जेवणापुरतं बोलत होते. ताट वाढायची आणि निघून जायची.

बंद डबा फोडला त्या दिवशी मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी अकोल्याच्या एका कुटुंबाचा नंबर दिला. वऱ्हाडात हाच आजार असलेली त्यांच्या माहितीतली दुसरी मुलगी. तिच्या आईला मी फोनवर घाबरत घाबरत सांगितलं, तर ती म्हणाली, “फोनवर कशाले बोलता ताई, या ना. पोरीले बी घेऊन या.”

रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडली. वावरांमध्ये कापसाची पऱ्हाटी उभी होती आणि डब्यातली माणसं भावाचं नाहीतर पावसाचं बोलत होती, त्या वर्षांत दुसरं बोलणंच नव्हतं. मूर्तिजापूरला गाडी जरा जास्त थांबली. समोरच्या म्हाताऱ्या बाईनं फुटाणे घेतले आणि लेकीचा हात धरून प्रेमानं तळहातावर चार ठेवले. मी ते असे झटकले की बाईच्या लुगड्यावर जाऊन पडले. बाई माझ्याकडे पाहतच राहिली. “आमी काई जहर नाई देल्लं, बाई,” ती म्हणाली. मी माफी मागितली, कारण सांगितलं नाही. घराबाहेर कारण सांगायचं नाही ही आबांची सवय मलाही लागली होती, हे मला तेव्हा प्रथम दिसलं.

अकोल्यात त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर घर. जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा कापसाचे पुंजके चिकटलेले होते. आई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. मी त्यांना आपा म्हणायला लागले. खिडकीपाशी चटईवर त्यांची मुलगी बसली होती, अकरा वर्षांची. अंगानं भरलेली, गोरी, पिंगट केसांची. माझ्या लेकीचेच केस. ती पुढेमागे झुलत होती आणि खिडकीच्या गजाकडे पाहत होती. लेकीनं तिला तिचं नाव विचारलं, मग पुन्हा विचारलं. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“बोलत नाई ती, बेटा,” आपा म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “आमाले मालूम पडलं तेव्हा ती तीन साल की हो गई थी. तवापर्यंत आमी तिले मस्त दूध पाजलं, अंडे चारले, कमजोर हाय म्हणून. आता पावडर देतो त शांत रायते. झोपते. तेवढंच.”

मी पार्सलची सगळी हकीकत सांगितली. आबांचं पत्र ऐकून त्या हसल्या नाहीत की चिडल्याही नाहीत.

“मी त पयल्यापासून पोरीच्याच नावानं मंगवते. पालक म्हणून आपलं नाव खाली. चिठ्ठी जोडते, बिमारीचं नाव मोठ्या अक्षरात. लपवून कोणाचं भलं झालं, ताई? आमच्यात बी बोलले लोक. बोलू दे.”

त्यांनी कपाट उघडलं, बंद डबा काढला आणि माझ्या पिशवीत ठेवला. मी नको-नको म्हटलं, जसं म्हणायचं असतं तसं. त्या म्हणाल्या, “घेऊन जा. आमचं पार्सल निघालं हाय तिकडून. आन आमच्या पोरीचं जे व्हायाचं ते होऊन गेलं. तुमच्या पोरीचं अजून बाकी हाय.” मी पिशवीचं तोंड बांधलं. परतीच्या गाडीला पाऊण तास होता, आणि तरी मी चहा पुरता न पिताच उठले.

घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. आबा ओट्यावर बसले होते. मी पिशवी आत ठेवली, हातपाय धुतले आणि त्यांच्यासमोर पायरीवर बसले. भांडायचं ठरवून बसले होते, पण भांडण निघालं नाही. मी फक्त पाहिलेलं सांगितलं. अकरा वर्षांची आहे. आपल्या पोरीसारखेच केस आहेत. बोलत नाही. नाव विचारलं तर पाहत नाही. अंगठा धरून आई न्हाणीत नेते.

आबा म्हणाले, “जलमताच अशी हाय का थे?”

“नाई. जलमली तेव्हा आपल्यासारखीच व्हती.”

“मले वाटलं...” ते थांबले. “मले वाटे डॉक्टर लोक वाढवून सांगतात. ताकदीचं औषध हाय, एखांदा महिना हुकलं त हुकलं.” मग पुन्हा तेच विचारलं, “आपल्यासारखीच व्हती?”

सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन, दारात उभे होते. म्हणाले, चाल. मी शाळेत रजेचा निरोप पाठवला.

कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली अर्ज लिहिणाऱ्यांची टेबलं होती. त्या वर्षांत तिथे मदतीचे अर्ज करणाऱ्या शेतकऱ्यांची गर्दी असायची. आमची पाळी आली तेव्हा लिहिणाऱ्यानं मान वर न करताच विचारलं, “नापिकीचं, का घरातलं कोणी गेलं?” त्याच्याकडे दुसऱ्या कारणानं कुणी येतच नव्हतं बहुतेक. आबा म्हणाले, “कोणी गेलं नाई. जाऊ नये म्हणून हाय.” मग त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, एकेक वाक्य, खरेदी केंद्रावर सांगायचे तसा. यापूर्वीचं माझं पत्र खरं नव्हतं. ते मी समजूनउमजून लिहिलं होतं. पावडर माझ्या नातीसाठी आहे. आजाराचं नाव त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून, चष्मा लावून, अक्षर न अक्षर सांगितलं.

तिथली रीत अशी की सही-अंगठ्याआधी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं, कारण निम्म्यांना वाचता यायचं नाही. आबांना येत होतं, पण लिहिणारा सवयीनं खड्या आवाजात वाचत सुटला. पोरीचं नाव, वय, आजार, गाव, सगळं. रांगेतली माणसं ऐकत होती. त्यातला एक जण आबांना ओळखत होता, कधीकाळी गाडी घेऊन केंद्रावर आलेला.

“ग्रेडर सायेब, काय झालं म्हणता नातीले?”

आबांनी कागदावर सही केली, टोपण लावलं, आणि मग त्याला सांगितलं.

“तिले दाळ-दूध चालत नाई. डोक्यावर जाते. बाहेर देशातून पावडर मंगवा लागते.”

“मंग मंगवा,” तो माणूस म्हणाला, आणि पुन्हा आपल्या कागदात पाहायला लागला. एवढंच झालं. परतताना रिक्षातून आबांनी दोनदा मागे वळून कचेरीकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना आणखी काहीतरी होईल अशी अपेक्षा होती.

मुदतीला चार दिवस असताना शपथपत्र मुंबईत पोचलं. साहेबांनी फोन उचलला, कागद मिळाला म्हणाले, पण पार्सल सुटलं म्हणाले नाहीत. मी अकोल्याचा डबा फोडला. पहिला चमचा काढताना मला कसंनुसं झालं, मग सवय झाली. त्याच्या तळाशी जेमतेम दोन दिवसांचं उरलेलं असताना पोस्टमन आला. खोक्याला नवी चिकटपट्टी लावलेली, शिक्के मारलेले, आतले सहा डबे मोजून बरोबर. लेकीनं खोक्यात बसून बघितलं. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी पुढची मागणी नोंदवली, लेकीच्या नावानं, पालक म्हणून माझं नाव. आबा म्हणाले, तिच्या आईचंच टाका, तिलेच फोनवर बोलता येते. त्यांच्या तोंडून हे थोडं टोमण्यासारखं आणि थोडं शाबासकीसारखं वाटलं.

दोन डबे परत द्यायला अकोल्याला मी आणि आबा गेलो. एक घेतलेला, एक वरचा. आबांनी हट्टानं पिशवी स्वतःकडे ठेवली होती. जिना चढून वर गेलो तर ती मुलगी तिच्या जागीच होती, पण झुलत नव्हती. तिच्या दोन्ही मनगटांना फडकी बांधलेली होती. एकावर पिवळं औषध बाहेर झिरपलेलं. आपांच्या उजव्या हाताच्या पाठीवर दातांचे व्रण होते, सुकत आलेले.

“हे काय झालं?” आबांनी विचारलं.

“काई नाई, आबाजी. आमचं पार्सल थोडं लेट झालं. पावडर सरली का ती असं करते, आपलाच हात चावते. धरून ठेवा लागते.” त्यांनी डबे कपाटात ठेवले. “आता बरी हाय. चहा ठेवते.”

“किती दिवस?”

“आठ-दहा दिवस असन. होते असं.”

आबा चटईवर त्या मुलीपासून थोडं अंतर ठेवून बसले आणि चहा येईपर्यंत उठले नाहीत. त्यांनी तिला नाव विचारलं नाही.

परतीच्या गाडीनं मूर्तिजापूर सोडलं. मग ते म्हणाले, “मायी चूक हाय, पोरी. मी पयलेच लिवून देतो त तुले तिचा डबा आणा लागला नसता.” मी म्हटलं, हो. त्यांच्या बाजूनं एक शब्दही मी बोलले नाही. पुढे किती वर्षं त्यांनी ही चूक आपली म्हणून सांगितली, पाहुण्यांना सांगितली, शेवटच्या आजारपणात मला परत सांगितली, आणि दर वेळी मी ती त्यांचीच राहू दिली.

आज लेक कॉलेजात जाते, बडबड करते, माझ्याशी भांडते. तिला मी ही हकीकत आबांच्या पत्राची म्हणून सांगत आले. पण त्या रविवारी अकोल्यात कपाटाचं दार उघडं होतं आणि आत दोनच डबे होते, एक बंद, एक फोडलेला. मुलगी मोठी, चमचे दुप्पट, फोडलेला डबा तीन-चार दिवसही पुरणार नाही, आणि निघालेलं पार्सल कुठे थांबू शकतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. हे सगळं मला पिशवीचं तोंड बांधतानाच कळलं होतं. म्हणून मी चहा टाकून उठले.